बाळंतिणीच्या खोलीतला अंधार

आमच्या अक्काच्या घरी बाळंतिणीची खोली माजघराच्या पलीकडची. एकच खिडकी, आणि बाळंतपणात तिलाही जुनं गोधडं लावून टाकलेलं. दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा. बाळंतिणीच्या डोक्या-कानाला घट्ट रुमाल. वारं लागू नये, प्रकाशानं डोळे जाऊ नयेत, कुणाची दृष्ट लागू नये, अशा सगळ्या काळज्यांनी मिळून तयार झालेला हा अंधार. तासगाव तालुक्यातल्या त्या गावात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अशा खोलीत बाळंतीण म्हणाली, "किती अंधारून आलंय गं आई," तर त्यात कुणाला काय नवल वाटणार?

भाची तसं म्हणाली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अक्का स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "पडदा हाय न्हवं. डोळं मिटून पड जरा."

भाचीचं पहिलंच बाळंतपण. सांगलीत झालं, नैसर्गिक, मुलगा. नऊ महिने बीपी ठीक होतं, शेवटच्या आठवड्यात जरा वर सरकलं. "थोडं आहे, होईल कमी," असं सांगून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पायांवर सूज होती, पण पहिलटकरणीच्या पायांना सूज असतेच, असं घरातल्या चार बायका एकदम म्हणाल्या. पाचवी झाली, सटवाईच्या पुढे कोरा कागद आणि पेन ठेवून झालं, आणि त्यानंतर तिचं डोकं दुखायला लागलं. साधंसुधं नाही, मागून वर चढत जाणारं. कारणं लगेच सापडली. झोप नाही. न्हाऊन केस ओले राहिले. मोबाईल बघते. तिच्या आजीनं, म्हणजे अक्काच्या सासूबाईंनी, मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरचीचा ठसका उठला नाही, म्हणजे दृष्ट होती हे सिद्ध झालं. मी बाळंतविडा घेऊन गेले होते. ठसका उठला असता तरी आजींनी तेच म्हटलं असतं, एवढं मला या घराच्या अनुभवावरून सांगता येईल.

त्या दिवशी आशाताई यायची होती. संस्थेत बाळंतपण झालं की जन्मापासून मोजून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं भेट द्यायची, असं वेळापत्रक आहे. हा सातवा दिवस. ती आली, झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं, नाळ पाहिली, वहीत लिहिलं. मग बाळ आईच्या हातात द्यायला पुढं केलं, आणि भाचीचे हात बाळाच्या एक वीत अलीकडेच हवेत थांबले. ती चाचपडत होती.

आशाताईनं काही न बोलता खिडकीवरचं गोधडं ओढून काढलं. खोलीत लख्ख ऊन आलं. आजी ओरडल्या. भाचीनं शांतपणे विचारलं, "लाईट आली का?" आशाताईनं तिच्या डोळ्यांसमोर झटकन हात नेला. पापणी लवली नाही.

मला त्या बाईचं कौतुक वाटतं ते पुढच्या प्रश्नासाठी. डोळ्यांचं काही विचारण्याआधी तिनं विचारलं, "डोकं दुखतंय का? कधीपासून?" उत्तर ऐकलं आणि अक्काच्या मुलाला मोटरसायकलवरून उपकेंद्रात पिटाळलं, सिस्टरना बीपीचं मशीन घेऊन या म्हणाव. सिस्टर आल्या. बीपी १८२/११४. त्यांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. तितकंच. १०८ ला फोन लावत होत्या तेवढ्यात भाचीची मान एका बाजूला वळली, दातखीळ बसली आणि अंग झटके देऊ लागलं.

पुढची दोन-तीन मिनिटं घरात जे झालं ते आपल्याकडे कुठल्याही घरात होतं. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल, कुणी किल्ल्यांचा जुडगा. चुलतसासूबाई दातांत चमचा घालायला निघाल्या. सिस्टरनी त्यांचा हात धरला, भाचीला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ बाहेर येऊ दिली आणि घड्याळ बघत बसल्या. "तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, कांदा नाही, काही नाही." दारातून बघणारं कुणीतरी "बाहेरचं हाय" असं पुटपुटलं. तोवर अंगणात ॲम्ब्युलन्स उभी होती.

तासगावात पहिली सुई मॅग्नेशियम सल्फेटची दिली. चिठ्ठीवर ते नाव वाचून दाजी चक्रावले. "आवो, हे तर मी बागंला सोडतो!" खरंच आहे. द्राक्षाची पानं शिरांच्या मधून पिवळी पडली की मॅग्नेशियमची कमतरता, आणि त्यावर मॅग्नेशियम सल्फेट, हे तासगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दवाखान्यातलं अर्थातच शुद्ध, निर्जंतुक, मापून दिलेलं. पण क्षार तोच. गरोदरपणातल्या किंवा बाळंतपणानंतरच्या झटक्यांवर इतर अपस्माराच्या औषधांपेक्षा हे साधं मीठ सरस ठरतं, हे १९९५ साली अनेक देशांतल्या रुग्णांवर मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आलं. शिरेतून द्यायचं, शिवाय दोन्ही नितंबांत खोल सुई. ती भयंकर दुखते. अंगातून गरम लाट जाते. आणि देताना दर थोड्या वेळानं गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचे, लघवी किती होते ते बघायचं. पाय उडेनासा झाला तर मॅग्नेशियम जास्त झालं. उतारा म्हणून कॅल्शियम जवळ ठेवायचं. दाजी बाकावर बसून हे सगळं लक्ष देऊन बघत होते. बागेतलं औषध माणसाला कसं देतात याचं कुतूहल त्यांच्या भीतीपेक्षा क्षणभर मोठं झालं होतं, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

तिथून मिरज. आमच्या भागात दुखणं मोठं झालं की गाडी मिरजेकडे वळते, यात विचार करायचा नसतो. विल्यम वानलेस या मिशनरी सर्जननं १८९४ साली तिथं दवाखाना उभा केला तेव्हापासून हे चालू आहे. पुढे १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. आज अथणी, जमखंडी, विजापूरकडची माणसंही कानडीत बोलत मिरजेच्या फुटपाथवर डबे सोडून बसलेली दिसतात. माझ्या लहानपणी वडापच्या गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला "कुठं निघालाय?" विचारलं आणि "मिरजेला" असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न "कोण आजारी?" हाच असायचा.

मिरजेत डॉक्टरांनी पहिल्यांदा केलं ते टॉर्च डोळ्यांवर मारणं. दोन्ही बाहुल्या चटकन बारीक झाल्या. "म्हणजे दिसतंय तिला!" अक्का एकदम म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांना दिसतंय. मेंदूला नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवते, डोळ्याची आकृती वर्षानुवर्षं फळ्यावर काढते, पण हे असं समोर बघितलं नव्हतं. प्रकाश पडला की बाहुली आकसते ती डोळ्याच्या मज्जातंतूतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाऊन परतणाऱ्या आखूड वाटेनं. दिसणं मात्र डोक्याच्या पार मागच्या भागात घडतं. त्या मागच्या भागाला सूज आली की डोळा धड, बाहुली धड, आणि माणूस आंधळा. गंमत म्हणावी की भयंकर म्हणावं कळत नाही, पण अशा काही रुग्णांना आपल्याला दिसत नाही हेच कळत नाही. ते समोर काय आहे ते ठामपणे सांगत राहतात, आणि चुकीचं सांगतात. भाचीनं तरी 'लाईट आली का' एवढंच विचारलं होतं. तिच्या लेखी दोष डोळ्यांचा नव्हता, खोलीचा होता. आणि आम्ही खोली खरोखरच अंधारी करून ठेवली होती.

एमआरआयच्या फिल्मवर मेंदूच्या मागच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, जवळजवळ सारखेच पांढरे पट्टे होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं: पोस्टिरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपथी सिंड्रोम. रोजच्या बोलण्यात 'प्रेस'. "तसा दुर्मिळ," ते म्हणाले, "पण बाळंतपणातल्या झटक्यांमध्ये शोधला तर बऱ्याचदा सापडतो."

होतं काय, ते त्यांनी दाजींना समजावून दिलं, आणि दाजींनी ते लगेच आपल्या भाषेत करून घेतलं. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या एरवी फार हुशार असतात. अंगातलं बीपी वर गेलं की त्या आकसतात, खाली आलं की सैलावतात, आणि मेंदूला रक्त कायम सारखंच पोचवतात. पण दाब एका हद्दीपलीकडे गेला, किंवा फार झपाट्यानं वाढला, की हे आवरणं सुटतं. वाहिन्या ताणल्या जातात आणि रक्तातलं पाणी भिंतींतून आजूबाजूला झिरपतं. मेंदूच्या मागच्या बाजूच्या वाहिन्यांना आकसायला लावणारे मज्जातंतू पुढच्यापेक्षा विरळ, म्हणून झिरपायला सुरुवात बहुधा तिथून होते. दाजी म्हणाले, "म्हंजी ठिबकचा व्हॉल्व अडकला आन्‌ प्रेशर चढलं की शेवटच्या ओळीतले जॉइंट गळत्यात, तसं." डॉक्टर हसले. "अगदी तसं. आणि पाइप अजून फुटलेला नाही. म्हणून घाई."

मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. सरासरी दाब काढायचं सूत्र मला पाठ आहे: खालचा आकडा दुप्पट, त्यात वरचा मिळवायचा, तिनानं भागायचं. १८२/११४ चे होतात १३७. आणि पुस्तकात मेंदूची हद्द साधारण १५० च्या आसपास दिलेली असते. मग ही का गळली? डॉक्टरांना हा प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी दारातून परत येऊन उत्तर दिलं. बाळंतपणात बीपी वाढून झटके येतात त्या विकारात वाहिन्यांचं आतलं अस्तर आधीच दुखावलेलं असतं. त्याला फार दाब लागतच नाही. काही रुग्णांत तर बीपी जेमतेम वाढलेलं असतं आणि तरी हे होतं. उलट वर्षानुवर्षं १७०-१८० घेऊन फिरणाऱ्यांच्या वाहिन्या त्याला सरावलेल्या असतात. त्यांची हद्द वर सरकलेली असते. भाचीचं एरवीचं बीपी १००/६०. तिच्यासाठी १८२ हा डोंगर होता. तेव्हा आकडा किती, यापेक्षा कुठून निघून किती वेळात तिथं पोचला, हे जास्त महत्त्वाचं.

'प्रेस' या विकाराला एकत्र बांधून ओळख मिळाली ती अगदी अलीकडे. बीपी फार चढलं की माणूस भ्रमिष्टासारखं वागतो, झटके येतात, हे डॉक्टरांना १९२८ पासून एका नावाखाली माहीत होतं. पण जूडी हिंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन आणि पॅरिसमधल्या रुग्णालयांचे १९८८ ते १९९४ चे स्कॅन धुंडाळून काढले आणि १९९६ मध्ये १५ रुग्णांची हकिगत छापली. त्यात सात जण अवयवरोपणानंतर किंवा रक्ताच्या विकारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे होते, तिघी गरोदरपणातल्या झटक्यांच्या, चौघे मूत्रपिंडाच्या विकारासह बीपी भडकलेले, आणि एक कर्करोगासाठी इंटरफेरॉन हे औषध घेणारा. वरवर पाहता एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली माणसं. पण तक्रारी त्याच, डोकेदुखी, झटके, गोंधळलेपण, न दिसणं, आणि स्कॅनवर मागच्या बाजूला तेच डाग. पंधरापैकी बाराजणांचं बीपी अचानक वाढलं होतं. हे वाचताना मला त्या स्कॅन बघणाऱ्या माणसांचा हेवा वाटला. एकेका खाटेवर हे सगळे वेगवेगळे आजार होते. फिल्मा शेजारी शेजारी ठेवल्यावर तो एकच आजार झाला.

एमआरआय पाहिल्यावरसुद्धा लगेच सुटका नव्हती. बाळंतिणीला डोकेदुखी आणि झटके यांचं दुसरंही एक कारण असतं, मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होणं. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी तोडतात ना, 'पाण्यानं पोट सुटतं' म्हणून, त्यानं रक्त घट्ट होऊन या गुठळ्यांना हातभार लागतो असं डॉक्टर मानतात. दोन्ही आजारांची सुरुवात सारखी, उपचार निराळे. गुठळीला रक्त पातळ करणारं औषध लागतं. म्हणून शिरांचंही चित्र काढलं. त्या मोकळ्या होत्या. आणि एका विशिष्ट चित्रात हे कळलं की हे झिरपलेलं पाणी आहे, पेशी मेल्यानं आलेली सूज नाही. साध्या सीटी स्कॅनवर हे सगळं दिसेलच असं नसतं. सीटी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला हा आजार असू शकतो.

उपचार ऐकायला सोपे. बीपी खाली आणा, झटके थांबवा, कारण दूर करा. पण खाली आणायचं ते हळूहळू. पहिल्या काही तासांत साधारण पाव हिश्शापेक्षा जास्त नाही, नाहीतर दाबाला सरावलेल्या मेंदूला एकदम रक्त कमी पडतं. पंपानं थेंबाथेंबानं औषध, आणि दर पंधरा मिनिटांनी दंडावरचा पट्टा फुगणार. एके काळी छोट्या दवाखान्यांत बीपीची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची पद्धत सर्रास होती. आकडा धाडकन उतरायचा आणि नातेवाईक खूश व्हायचे. ती पद्धत आता धोक्याची मानतात. नातेवाईकांची खुशी हे काही उपचाराचं माप नव्हे, पण वॉर्डात उभं राहून तसं म्हणणं अवघड असतं. अक्का दर पंधरा मिनिटांनी पडद्याकडे बघून विचारायची, "अजून का उतरत न्हाई?" आणि नर्स दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायची, "उतरवायचंच नाहीये मावशी, एवढ्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची म्हणाली, "वर काहीतरी फिरतंय." तो पंखा होता. पंखा बंद केला, तर तो पुन्हा नाहीसा झाला. हलणारं आधी दिसतं, स्थिर नंतर, असं अशा अंधत्वातून बाहेर येताना पुष्कळदा होतं म्हणे. मग कुणाचीतरी हालचाल, मग आकार, मग रंग. दाजींनी टोपी हातात घेऊन हलवली आणि तिनं ती ओळखली, तेव्हा वॉर्डातल्या कन्नड मावशींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. काही आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये ते पट्टे नव्हते. तिचं नशीब आणि वेळेवर बांधलेला पट्टा. सगळ्यांचं असं होत नाही. उशीर झाला तर सुजेची जागा रक्तस्राव किंवा मेलेला भाग घेतो, कुणाला पुढे अपस्मार जडतो, काही जण दगावतातही. आणि हा आजार फक्त मागच्याच भागात, फक्त बाळंतिणींना, असंही नाही. मूत्रपिंड निकामी झालेले, डायलिसिसवरचे, रोपणानंतर गोळ्या घेणारे, ल्युपसचे (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटते), काही केमोथेरपीचे रुग्ण, यांच्यापैकी कुणाचंही डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारलं तर चष्म्याच्या दुकानात किंवा डोळ्यांच्या दवाखान्यात रांग लावण्याआधी कुणीतरी त्याच्या दंडाला पट्टा बांधायला हवा.

मी नंतर आशाताईला विचारलं, तुम्हाला हा आजार माहीत होता का? तिनं नाव ऐकलंच नव्हतं. तिला प्रशिक्षणात एवढंच शिकवलं होतं की गरोदर किंवा बाळंतीण बाईचं डोकं जोरात दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येत असेल, वरच्या पोटात दुखत असेल, तर बीपी बघितल्याशिवाय घर सोडायचं नाही. एवढ्या तीन-चार गोष्टींवर ती इतकी ठाम होती की तिनं आजींच्या देखत गोधडं ओढलं. मोठ्या शहरांत दुर्मिळ आजार ओळखणारे हुशार डॉक्टर असतात, त्यांच्याबद्दल आपण वाचतो. पण रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचायला आधी कुणीतरी ही साधी गोष्ट करावी लागते, आणि ती करणारी बाई मानधनावर काम करते, हेही मला सांगावंसं वाटतं.

एक गोष्ट मला अजून खटकते. बाळंतपणानंतर बीपी सगळ्यात वर जातं ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, कारण नऊ महिन्यांत अंगात साठलेलं पाणी तेव्हा रक्तात परत यायला लागतं. आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बाईला घरी सोडतात तिसऱ्या दिवशी. म्हणजे धोका चढत असताना ती पांघरूण लावलेल्या खोलीत असते. आशाची भेट असते, पण त्या भेटीच्या फॉर्मवर बहुतेक रकाने बाळाचे: वजन, ताप, नाळ, दूध. आईच्या बीपीचा आकडा प्रत्येक भेटीत लिहिला गेला तर उपकेंद्रातलं एक मशीन आणि दोन मिनिटं, एवढाच खर्च. ज्यांना गरोदरपणात शेवटी शेवटी जरासंही बीपी वाढलं होतं, त्यांचं तर पहिला आठवडा रोज बघायला हवं. 'होईल कमी' हा सल्ला नव्हे.

भाचीला काही आठवडे बीपीची गोळी होती. दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या असतात, त्यामुळे बाळाचं दूध तोडावं लागलं नाही. पुढच्या गरोदरपणात लवकरच डॉक्टरांना सांगायचं आहे. तेव्हा कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. आणि वर्षातून एकदा बीपी आयुष्यभर, कारण अशा बायकांना पुढे रक्तदाब आणि हृदयविकार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तिनं दंडाला बांधायचं मशीन विकत घेतलं. बारसं पुढे ढकललं होतं, ते सव्वा महिन्यानंतर झालं, आणि त्या दिवशी हे मशीन घरभर फिरलं. जो तो हात पुढे करत होता.

आजींनीही केला. १७८/९६. त्यांना काहीच होत नव्हतं. डोकं नाही, चक्कर नाही. सकाळी दोन घागरी पाणी आणून झालेलं. वाहिन्या सरावलेल्या. "बघा, मला कुठं काय होतंय? ते हिला झालं ते दृष्टीनंच," त्या म्हणाल्या, आणि मशीन खोटं ठरवून लोणच्याची फोड तोंडात टाकली. गोळी सुरू केली ती मुलाच्या धाकानं. महिनाभरानं 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली, बरं तर त्यांना आधीही वाटत होतं. सध्या पुन्हा चालू आहे. भाची दर रविवारी व्हिडिओ कॉल करते आणि रिकामं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला लावते. आजी धरतात, आणि धरताना सांगतात की मीठ-मोहऱ्या मी अजून दर अमावास्येला उतरवते, तुझ्यावरून पण, बाळावरून पण. भाची म्हणते, उतरव, पण आधी पाकीट नीट दाखव.